दोन पट्ट्यांमधला सूर

१९५४ चा नाताळ एका दिवसावर आला होता. न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावात राहणारा रूडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. २४ डिसेंबरला त्या दिवाणखान्यात पाच वादक जमले. ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन, बासवर पर्सी हीथ, ड्रमवर केनी क्लार्क आणि पियानोवर सदतीस वर्षांचा थेलोनियस मंक. वाजवायचं होतं जॉर्ज गर्शविनचं ‘द मॅन आय लव्ह’ हे गाणं.

जॅक्सनचा विस्तार संपला आणि मंकची पाळी आली. बास आणि ड्रम वेगात धावत होते. मंकनं मूळ चालीतलेच स्वर घेतले, पण एकमेकांपासून इतक्या अंतरावर ठेवले की चाल रबरासारखी ताणली गेली. मग तो थांबला. एक बार, म्हणजे चार मात्रांचा खंड, गेला, दोन गेले, आणखी गेले. बास आणि ड्रम चालूच, पियानो गप्प. शेवटी माइल्सनं ट्रम्पेटवर एक लहानसा तुकडा फुंकला, दारावर टकटक करावी तसा. त्यासरशी मंक उसळी घेऊन परतला आणि उरलेलं आवर्तन त्यानं भरधाव पुरं केलं.

त्या शांततेवर आजवर बरंच लिहिलं गेलं आहे. मंक विसरला, असं कुणी म्हणतं. तो रागावला होता, असं कुणी म्हणतं, कारण आपला ट्रम्पेट चालू असताना पियानो वाजवू नकोस असं माइल्सनं त्या दिवशी त्याला सांगितलं होतं. दोघांची हाणामारी झाल्याचीही दंतकथा पसरली आणि माइल्सनं पुढे आत्मचरित्रात ती खोडून काढली. मी ते ध्वनिमुद्रण अनेकदा ऐकलं आहे. माझ्या कानाला ती विस्मृती वाटत नाही. चाल ताणत ताणत नेली की एका टोकाला ती तुटणारच, आणि तुटल्यावर काय उरतं ते ऐकायला मंक थांबला असं मला वाटतं. पण हे पटायला हा माणूस पियानोवर नेमकं काय करत होता ते आधी समजून घ्यावं लागेल. त्याच्या हयातीतली निम्मी वर्षं पुष्कळांना ते समजलंच नव्हतं. त्याच्या पहिल्या तबकड्या विकायला आल्या तेव्हा याला पियानो येत नाही, याचे दोन्ही हात डावेच आहेत, असं दुकानदार म्हणत. ही दुकानं हार्लेममधली, त्याच्या स्वतःच्या शहरातली.

थेलोनियस स्फिअर मंक याचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट या गावी झाला. पहिलं नाव वडिलांचं, मधलं ‘स्फिअर’ आईच्या वडिलांच्या नावावरून आलेलं. दक्षिणेतल्या वर्णभेदाला आणि दारिद्र्याला पाठ दाखवून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं तेव्हा उत्तरेकडे निघाली होती. १९२२ मध्ये त्याची आई बार्बरा तीन मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि सॅन वॉन हिल या वस्तीत, पश्चिम ६३व्या रस्त्यावरच्या एका चाळवजा इमारतीत तिनं बिऱ्हाड केलं. मंकच्या आयुष्याचा बहुतेक काळ याच रस्त्यावर गेला. पुढे लग्न झालं, मुलं झाली, जगभर नाव झालं, तरी पत्ता तोच राहिला. लहानशा घरात पियानो मावेना म्हणून त्याचं एक टोक स्वयंपाकघरात घुसलेलं असायचं.

या वस्तीत स्ट्राइड नावाची पियानोशैली हवेतच होती. या शैलीचा महारथी जेम्स पी. जॉन्सन शेजारच्याच गल्ल्यांत राहणारा. स्ट्राइड म्हणजे ढांग. डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खालच्या सप्तकातला एकेक भरीव स्वर देतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला वर उडी मारून कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ. असा तो मोठमोठ्या ढांगा टाकत चालतो आणि त्याच्या जिवावर उजवा हात खेळतो. एकट्या माणसानं अख्खा वाद्यवृंद उभा करायची ही युक्ती आहे. मंकनं ती लहानपणीच आत्मसात केली आणि कधी सोडली नाही. त्याचं वाजवणं कितीही विचित्र वाटलं तरी डाव्या हाताखाली ही जुनी जमीन असते.

दुसरी शिदोरी चर्चची. सतराव्या वर्षी शाळा सोडून तो एका फिरत्या धर्मोपदेशिकेच्या ताफ्यात सामील झाला आणि दोनेक वर्षं गावोगावच्या प्रार्थनासभांत वाजवत हिंडला. अशा सभांत वादकाला कागद बघायची सोय नसते. गाणारी माणसं जिथे नेतील तिथे जायचं, टाळ्यांच्या ठेक्यावर चालायचं, आणि स्वर असा ठोकायचा की शेवटच्या बाकावरही पोचला पाहिजे.

१९४० च्या सुमारास हार्लेममध्ये ११८व्या रस्त्यावरच्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात मंकला पियानोवादकाची कायमची नोकरी मिळाली. ड्रमवर केनी क्लार्क. मोठ्या वाद्यवृंदांतली ठरावीक कामं उरकली की तरुण वादक रात्री इथे जमत आणि पहाटेपर्यंत वाजवत. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, गिटारवाला चार्ली ख्रिश्चन यांची इथे ये-जा असे. बीबॉप नावाचं जे नवं जॅझ पुढे जगभर गेलं त्याची जुळणी इथे झाली. त्याच्या कॉर्डच्या वाटा आखण्यात मंकचा वाटा मोठा होता. पण लोकांच्या कानात बसला तो पार्कर आणि गिलेस्पीचा वेग, स्वरांचा झरझर कोसळणारा पाऊस. मंक त्या वेगाच्या मागे लागला नाही. दुसरे जिथे सोळा स्वर घेत तिथे तो तीन घेई आणि उरलेली जागा मोकळी सोडी. म्हणून बीबॉपची कीर्ती इतरांना मिळाली आणि विक्षिप्तपणाचा शिक्का त्याला.

हे स्वर कोणते, ते आता पाहू. पियानो पेटीसारखाच पट्ट्यांचं वाद्य. स्वरांच्या जागा कारखान्यातच ठरून येतात. त्यावर मींड निघत नाही, आणि दोन पट्ट्यांच्या मधली श्रुती हवी असेल तर पट्टीच नाही. आपल्याकडे पेटीवर हाच आक्षेप घेऊन आकाशवाणीनं ती कितीतरी वर्षं दूर ठेवली होती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायनाची अडचण हीच. तिथला गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, मधेच कुठेतरी दुखरा लागतो. गळ्याला तो येतो, सॅक्सोफोनला येतो, गिटारची तार ओढली की येतो. पियानोला येत नाही.

मंकनं त्यावर तोड काढली ती अशी. कोमल आणि शुद्ध अशा शेजारच्या दोन्ही पट्ट्या तो एकदम दाबायचा आणि त्यांतली एक लगेच सोडून दुसरी गुंजत ठेवायचा. क्षणभर कर्कश घर्षण, मग उरलेला स्वर. कानाला भास होतो तो स्वर वळल्याचा, पट्टीतून निसटून मधल्या जागेत गेल्याचा. ज्यांना हे कळलं नाही त्यांना वाटलं, बोट चुकून दोन पट्ट्यांवर पडलं. एकदा पडलं असतं तर ठीक, पण त्याच गाण्यात त्याच जागी हे बोट वर्षानुवर्षं तसंच पडत होतं.

त्यात त्याच्या हाताची ठेवण. पियानोच्या शिकवण्यांत बोटं गोल वळवायला सांगतात. मंकची बोटं सरळ, जवळजवळ सपाट. करंगळीत मोठी अंगठी. चित्रफितींत हे स्पष्ट दिसतं. तो पट्टीवर वरून घाव घालतो आणि हात चटकन काढून घेतो, तापलेल्या तव्यावरून काढावा तसा. प्रसंगी कोपरही टेकवतो. असं वाजवल्यावर गोड, गुळगुळीत आवाज निघत नाही. निघतो तो टणक, कडांचा आवाज, ज्यात प्रत्येक स्वर वेगळा मोजता येतो. त्याला हवा होता तो हाच आवाज. मधूनच तो वरून खालपर्यंत एक घसरगुंडी घेई, ती सगळे स्वर सारख्या अंतरावर असलेल्या सप्तकाची. तिच्यात कुठला स्वर घराचा आणि कुठला परका हे कळत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन क्षणभर सरकते. लगेच डाव्या हाताची जुनी ढांग येते आणि आपण पुन्हा रस्त्यावर असतो.

मंकला पियानोवादकांच्या मापानं मोजलं की माप चुकतं. आर्ट टेटम किंवा बड पॉवेल यांच्यासारखी बोटांची लखलख त्याच्याकडे शोधू नये. तो आधी रचनाकार होता, आणि वाजवायला बसल्यावरही रचनाकारच राहायचा. जॅझमध्ये साधारण रिवाज असा की ठरलेली चाल सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा वाजवायची. मधल्या वेळात तिच्याखालच्या कॉर्डची साखळी तेवढी धरून ठेवायची आणि त्यावर वाटेल ती उपज करायची. चाल ही दाराची चौकट, आत शिरलं की विसरली. मंकला हे मंजूर नव्हतं. त्याच्या विस्तारात मुखडा सतत डोकावतो, कधी अर्धा, कधी उलटा, कधी नुसती लय. आपल्याकडचा चांगला ख्यालगायक बंदिशीच्या शब्दांचा आणि वजनाचा हात धरूनच बढत करतो, तसं. आपल्या साथीदारांकडूनही त्याची हीच अपेक्षा असे.

त्याच्या रचना सत्तरच्या आसपास आहेत. संख्या मोठी नाही. ड्यूक एलिंग्टननं हजारांवर केल्या. पण जॅझमध्ये सर्वांत जास्त वेळा ध्वनिमुद्रित झालेल्या रचनाकारांत एलिंग्टनच्या खालोखाल मंकचं नाव येतं. याचं कारण त्यांच्या घडणीत आहे.

‘स्ट्रेट, नो चेसर’ घ्या. बारा बारचा साधा ब्लूज. सामग्री म्हणाल तर चढत जाणारा इवलासा एकच तुकडा. मंक तो पुन्हा पुन्हा वाजवतो, पण दर वेळी बारमध्ये वेगळ्या ठिकाणी सुरू करतो, कधी शेपूट लांबवतो, कधी कापतो. सम तीच, ठेका तोच, मुखडा मात्र एकदा समेआधी, एकदा समेवर, एकदा समेनंतर. पहिल्यांदा ऐकणारा हाताचा ताल हमखास चुकवतो. ‘थेलोनियस’ या रचनेत तर चाल म्हणजे जवळपास एकच स्वर. तो ठोकत राहतो आणि खालच्या कॉर्ड सरकत जातात, त्यामुळे तोच स्वर कधी आनंदी, कधी अस्वस्थ, कधी अधांतरी वाटतो. ‘मिस्टेरिओसो’मध्ये एक स्वर खाली, एक वर, पुन्हा खाली, पुन्हा वर अशी घड्याळासारखी एकसारखी पावलं आहेत, लयीची एकही गंमत नाही, आणि तरी त्या बारा बारांत एक गूढ दबा धरून बसलेलं असतं.

‘एव्हिडन्स’ची जन्मकथा मला फार आवडते. ‘जस्ट यू, जस्ट मी’ हे एक लोकप्रिय गाणं होतं. फक्त तू आणि फक्त मी, म्हणजे फक्त आपण, ‘जस्ट अस’. भरभर म्हटलं की होतं ‘जस्टिस’, न्याय. न्यायाला लागतो पुरावा, म्हणजे ‘एव्हिडन्स’. नावाची जी गत तीच गाण्याची. मूळ गाण्याच्या कॉर्ड ठेवून मंकनं चाल खरवडून काढली आणि इकडेतिकडे अनपेक्षित मात्रांवर पडणारे सुटे स्वर तेवढे ठेवले. मधल्या पोकळ्या ऐकणाऱ्यानं मनात भरायच्या. १९४८ मध्ये हे ध्वनिमुद्रित झालं. आजही वादक त्याला बिचकतात, कारण यात मोजदाद सुटली की लपायला जागा नाही.

आणि ‘राउंड मिडनाइट’. मंकच्या कुठल्याही रचनेपेक्षा ही जगात जास्त फिरली. तिचं पहिलं ध्वनिमुद्रण त्याच्या हातून झालं नाही. ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्सच्या वाद्यवृंदानं ते १९४४ मध्ये केलं आणि सहरचनाकार म्हणून कूटीचंही नाव लागलं. तेव्हाच्या धंद्यात असं सर्रास चाले. १९५५ च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात माइल्स डेव्हिसनं हीच रचना अशी वाजवली की त्याची घसरलेली कारकीर्द सावरली आणि कोलंबिया या बड्या कंपनीची दारं त्याला उघडली. त्या दिवशी मंचावर पियानोला मंकच होता. आणि त्याच सुमारास त्याला स्वतःच्या शहरातल्या क्लबात बसून हेच गाणं वाजवायला कायद्यानं बंदी होती.

ती बंदी अशी. दारू विकली जाते तिथे वाजवणाऱ्या, गाणाऱ्या प्रत्येकाला न्यूयॉर्कच्या पोलिसांकडून परवानापत्र घ्यावं लागे, बोटांचे ठसे देऊन. त्याला कॅबरे कार्ड म्हणत. १९४० पासून ही पद्धत सुरू झाली आणि ती १९६७ पर्यंत टिकली. पोलिसांत नाव आलं की कार्ड गेलं, कार्ड गेलं की पोट गेलं. गायिका बिली हॉलिडेचं असंच गेलं होतं. १९५१ च्या ऑगस्टमध्ये मंक आणि बड पॉवेल एका मोटारीत बसले असताना पोलिसांना तिथे हेरॉइनची पुडी सापडली. मंकनं मित्राविरुद्ध बोलायला नकार दिला. साठ दिवसांचा तुरुंगवास झाला आणि कार्ड जप्त झालं. पुढची सहा वर्षं, वयाच्या तेहेतिसापासून एकोणचाळिसापर्यंतची, जगातल्या जॅझच्या राजधानीत राहूनही त्याला तिथल्या क्लबांत काम करता आलं नाही. तडजोड म्हणून त्यानं दुसरी कुठली नोकरी धरली नाही की लोकप्रिय पद्धतीचं वाजवलं नाही. पत्नी नेली कामाला जायची आणि घर चालवायची. तो घरी पियानोपाशी बसायचा. ‘मंक’ हे नाव आज आपण घेतो त्यात नेलीच्या त्या पगाराचा हिस्सा आहे, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पैशाची बाजू सांगायची तर १९५५ मध्ये प्रेस्टिज या तबकड्यांच्या कंपनीनं त्याचा करार रिव्हरसाइड या नव्या कंपनीला सोडला तो १०८ डॉलरच्या आसपास रकमेवर. ही त्याच्या नावावर बाकी राहिलेली उचल होती. रिव्हरसाइडच्या ऑरिन कीपन्यूजनं आधी त्याच्याकडून एलिंग्टनची गाणी वाजवून घेतली, लोकांना ओळखीच्या वाटेनं याच्यापर्यंत आणावं म्हणून. ती ठीक आहेत. खरा मंक आला तो १९५६ च्या अखेरीस ध्वनिमुद्रित झालेल्या ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’मध्ये. त्याची शीर्षकरचना इतकी अवघड होती की पंचवीस प्रयत्न होऊनही एकही सलग, सबंध उतरला नाही. चालीची लांबी नेहमीच्या आठ-आठ बारांच्या मापात बसत नाही, शिवाय एका आवर्तनाला ठाय आणि पुढच्याला दुप्पट लय. सॅक्सोफोनवर सनी रॉलिन्स, ड्रमवर मॅक्स रोच, बासवर ऑस्कर पेटिफर्ड. यांच्यापेक्षा तयारीची माणसं त्या काळी मिळाली नसती, आणि तीही हात टेकून उठली. आज आपण जी तबकडी ऐकतो ती वेगवेगळ्या प्रयत्नांचे तुकडे जोडून केलेली आहे.

याच काळातला आणखी एक दस्तावेज मंकच्या कामाची रीत दाखवतो. ५ एप्रिल १९५७ रोजी तो एकटा बसून ‘राउंड मिडनाइट’ ध्वनिमुद्रित करत होता. एव्हाना हे गाणं त्याच्या हाताखाली किमान तेरा वर्षं होतं. पण त्या दिवशीची कच्ची फीत पुढे प्रसिद्ध झाली ती वीस मिनिटांहून लांब आहे. तो सुरू करतो, थांबतो, तीच जागा दुसऱ्या कॉर्डनं घेऊन बघतो, पुन्हा मागे जातो. जणू रचना अजून पुरी व्हायचीच आहे. ज्याचे स्वर चुकून पडतात असं लोक म्हणत, तो माणूस एकेका स्वराचं वजन असं तोलत होता.

१९५७ हे वर्ष सगळं एकत्र घेऊन आलं. नेली आजारी होऊन रुग्णालयात होती, तिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती. त्या दिवसांत मंकनं ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ रचायला घेतलं. क्रेपस्क्यूल म्हणजे तिन्हीसांज. कित्येक आठवडे तो त्यावर काम करत राहिला. ही त्याची एकच रचना अशी की तीत उपज नाही. चाल आहे तशी, संथ, वाजवायची आणि थांबायचं. बायकोच्या गाण्यात त्यानं कुणाला भर घालू दिली नाही, स्वतःलाही नाही.

कार्ड परत मिळालं. जुलैपासून कूपर स्क्वेअरच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत त्याची चौकडी वाजवू लागली. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. हेरॉइनच्या व्यसनापायी माइल्सनं त्याला नुकतंच काढून टाकलं होतं आणि तो व्यसनातून बाहेर पडायची धडपड करत होता. कोल्ट्रेन सकाळी मंकच्या घरी जायचा. मंक पियानोवर रचना वाजवून दाखवायचा, कोल्ट्रेननं ती कानानं उचलायची, अडला की मंक ती जागा पुन्हा वाजवायचा. कागद अगदी शेवटी. गुरुगृही जाऊन बंदिश घ्यावी, तसंच हे. रात्री क्लबात कोल्ट्रेनचा विस्तार रंगला की मंक पियानोवरून उठायचा आणि बास-ड्रमवर त्याला एकट्याला सोडून मंचावर कोपर वर करून गोल गोल नाचायचा. लोक त्याला वेड समजत. सोबतचे वादक त्याला पावती समजत: लय जमली, आता पियानोची गरज नाही. कॉर्डचा आधार असा काढून घेतल्यामुळे कोल्ट्रेनला मोकळं रान मिळालं आणि त्याच्या पुढच्या झेपेची तयारी इथे झाली.

या चौकडीचं ध्वनिमुद्रण फार थोडं, म्हणून रसिक हळहळत असत. मग २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जुन्या फिती चाळताना कार्नेगी हॉलमधल्या २९ नोव्हेंबर १९५७ च्या मैफलीची फीत हाती लागली. अठ्ठेचाळीस वर्षं कपाटात पडलेली ही फीत ऐकताना कळतं की तोवर दोघं एकमेकांचे श्वास ओळखू लागले होते.

१९५९ च्या फेब्रुवारीत टाउन हॉलमध्ये दहा जणांचा वृंद घेऊन मंक उभा राहिला. वाद्यमेळाची लिखापढी हॉल ओव्हर्टनची. त्यातल्या ‘लिटल रूटी टूटी’कडे नीट कान द्यावा. ही रचना मंकनं मुलासाठी केली होती, आगगाडीच्या शिटीचे आवाज काढणारी. १९५२ मध्ये ती ध्वनिमुद्रित करताना त्यानं मधे जी आयत्या वेळची उपज केली, तीच ओव्हर्टननं स्वरन् स्वर उतरवून आख्ख्या वृंदाला वाटून दिली. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, तीन सॅक्सोफोन, सगळे मिळून मंकची सात वर्षांपूर्वीची उत्स्फूर्त बोटं वाजवतात, आणि ती आधी लिहून काढलेल्या रचनेसारखी घट्ट वाटतात. ‘पियानो येत नाही’ या आरोपाला मला याहून चांगलं उत्तर ठाऊक नाही.

त्याआधी चारच महिने डेलावेअरमध्ये एक घाणेरडा प्रकार घडून गेला होता. सॅक्सोफोनवादक चार्ली राउझ आणि मंक यांना घेऊन पॅनोनिका द कोनिग्सवार्टर मोटार चालवत निघाली होती. ही रॉथशिल्ड घराण्यातली मुलगी, घरदार सोडून न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांची सखी झालेली. पाणी प्यायला मंक एका मोटेलपाशी उतरला. उंचापुरा, अबोल, काळा माणूस. पोलीस आले तेव्हा तो मोटारीत परतला होता, पुन्हा उतरायला त्यानं नकार दिला आणि त्याच्या हातांवर दंडुके बसले. पियानो वाजवणाऱ्याच्या हातांवर. न्यूयॉर्कचं कार्ड पुन्हा गेलं. पुढच्या वसंतात बॉस्टनच्या दौऱ्यावर त्याचं मन ढासळलं आणि त्याला काही काळ मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. दिवसेंदिवस न बोलणं, मग न झोपणं, मग येरझाऱ्या, ही चक्रं आयुष्यभर चालू राहिली. वर्तमानपत्रांनी त्यातून टोप्या घालणाऱ्या विक्षिप्त जादूगाराचं चित्र रंगवलं. तो आजारी माणूस होता, त्याला उपचारही धड मिळाले नाहीत, एवढंच खरं.

साठीच्या दशकात मग मान आला. १९६२ मध्ये कोलंबियाशी करार, २८ फेब्रुवारी १९६४ च्या ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर चित्र. ते आदल्या नोव्हेंबरातच यायचं होतं, केनेडींच्या हत्येमुळे लांबलं. युरोप, जपानचे दौरे झाले. टीकाकारांची तक्रार आता बदलली: तो तेच ते वाजवतो. यात तथ्य नाही असं नाही. कोलंबियाच्या काही तबकड्यांत चौकडी सवयीनं चालते आहे हे जाणवतं. पण १९६५ ची ‘सोलो मंक’ काढून ऐका. एकटा माणूस, लहानपणच्या वस्तीतली ती ढांग आणि जुनी गाणी. कुठलाही जोर न लावता तो त्यांना असा हलवतो की सोप्या स्वरांच्या पोटातून नवी कड बाहेर यावी. वीस वर्षांत त्यानं शैली बदलली नाही ही गोष्ट खरी आहे. तिच्यापर्यंत यायला इतरांना वीस वर्षं लागली.

१९७१ च्या नोव्हेंबरात लंडनला त्यानं स्वतःच्या नावानं अखेरचं ध्वनिमुद्रण केलं. सत्तरीच्या दशकाच्या मध्यानंतर तो लोकांसमोर बसला नाही. हडसन नदीपलीकडे वीहॉकनला पॅनोनिकाच्या घरी त्याची शेवटची वर्षं गेली. घरात पियानो होता, त्याला तो क्वचितच हात लावी. १७ फेब्रुवारी १९८२ रोजी पक्षाघातानं तो गेला. २००६ मध्ये त्याच्या नावे पुलित्झरचं विशेष मानपत्र जाहीर झालं, मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी.

मंक ऐकायचा असेल तर ‘ब्लू मंक’पासून सुरुवात करा. पायऱ्या चढून यावं तशी सोपी चाल आहे, दुसऱ्यांदा ऐकताना गुणगुणता येते. मग ‘स्ट्रेट, नो चेसर’ लावा आणि हातानं ताल धरा. ताल सुटेल. सुटला की पुन्हा पहिल्यापासून लावा, आणि मंक कुठे थांबतो तिकडे लक्ष ठेवा.